जॅक बकेटचं पदक

रविवारी न्येमा फ्रीटाउनच्या क्रूटाउनमध्ये फिरायला निघाला की त्याच्या छातीवर चांदीचं पदक असायचं. ते त्याचं नव्हतं. हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि कुणी त्याला त्यावरून छेडत नसे. एरवी क्रूटाउनच्या जिभेला हाड नाही.

न्येमा इंग्रजांच्या राणीच्या आरमारात होड्या वल्हवायला होता. गोऱ्यांना आम्हा क्रू लोकांची नावं उच्चारायचा कंटाळा, म्हणून भरतीच्या वेळी तोंडाला येईल ते नाव ठेवून मोकळे व्हायचे. न्येमा झाला टॉम टीपॉट. त्याचा धाकटा भाऊ टुग्बे झाला जॅक बकेट.

"तुझ्यात निदान चहा तरी करतात," टुग्बे म्हणायचा. "माझ्यात पाय धुतात."

अशांती राज्याशी झालेल्या लढाईत टुग्बे सामान वाहत जंगलात गेला आणि न्येमा किनाऱ्यावर होड्यांपाशी राहिला. टुग्बे तापानं गेला. त्याला तिकडेच दलदलीत पुरलं. आमच्यात परमुलखात मेलेल्याचे केस आणि नखं तरी घरी यावी लागतात. ती पुरल्याशिवाय आईला रडायला बसता येत नाही. बरोबरच्यांनी घाईत काहीच कापून आणलं नव्हतं. उरली होती टुग्बेची लाकडी फणी. विंचरल्यावर तो ती कधी साफ करत नसे, आणि त्यावरून आईच्या शिव्या खायचा.

न्येमा जहाजावर परतला तेव्हा टुग्बेची पेटी रिकामी होती. मेलेल्याचं सामान डोलकाठीखाली लिलावात काढायचं आणि पैसे त्याच्या घरी पाठवायचे, ही जहाजाची रीत. त्याच्या घरच्यांना जास्त मिळावं म्हणून खलाशांनी मुद्दाम चढ्या बोली लावल्या होत्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि न्येमाला त्याचाच जास्त संताप आला. भांडणार तरी कुणाशी?

फणी पेन्गेली नावाच्या खलाशानं घेतली होती. नक्षी छान आहे, गावी बायकोला दाखवतो म्हणून त्यानं ती आपल्या पेटीत टाकून ठेवली होती. न्येमानं दोनदा मागितली. त्यानं दोनदा हसण्यावारी नेलं.

पुढच्या वर्षी पदकं आली. न्येमाच्या हातात दोन पडली, एक त्याचं आणि एक टुग्बेचं. पेन्गेलीनं स्वतःचं आठ दिवसांत दारूत घालवलं, आणि मग तोच न्येमाकडे आला.

"टीपॉट, म्हातारा बाप विचारेल रे, पदक कुठंय. तुझं दे, फणी घेऊन जा."

"त्याच्या कडेवर माझं नाव कोरलंय."

"कड कोण वाचतो?"

न्येमानं आपलं पदक काढून दिलं.

फणीच्या दातांत सात-आठ केस होते. आईनं ते बोटांनी सोडवले, कापडात बांधले आणि वर्षभराचं तुंबलेलं रडून घेतलं. ते पुरल्यावर न्येमानं टुग्बेचं पदक तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"याला त्याचा हात कधी लागलाय का?"

"नाही, आई."

"मग हे घेऊन मी काय करू? तू लाव. तुझं त्याच्यापायी गेलं ना."

वीस वर्षांनी दुसऱ्या एका नदीवर मोहीम झाली. जुनं पदक ज्यांच्यापाशी होतं त्यांना या वेळी नवं नव्हतं, त्याच्यावर बसवायची चांदीची पट्टी तेवढी होती. डेकवर सगळे रांगेत उभे होते. तरुण अधिकाऱ्यानं न्येमाचं पदक हातात घेऊन फिरवलं आणि कड वाचली.

"जॅक बकेट?"

जहाजावर ते नाव कुणी पुकारल्याला वीस वर्षं झाली होती.

"हजर, साहेब."

"तू तर टॉम टीपॉट ना?"

"तोही हजर आहे."

"मग टीपॉटचं पदक आण. दुसऱ्याच्या पदकावर मला पट्टी बसवता येणार नाही."

"पट्टी राहू द्या, साहेब," न्येमा म्हणाला आणि पदक परत घ्यायला त्यानं हात पुढे केला.