कपाटातलं सोयर

शाळेत मोबाइलबंदी झाली आणि जप्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर माझा आवाज मोठा. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्ही नुसत्या वर्गात शिरलात तरी पोरं आपणहून फोन काढून देतील. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नियम साधा होता. फोन सापडला की बंद करून कपाटात, आणि परत मिळणार तो फक्त पालकाच्या हातात.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली पोरं डोंगर उतरून आमच्या शाळेत येतात. शिमग्याच्या दिवसांत, मी नववीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना मागून टिंग टिंग टिंग असा सपाटा लागला. बघते तर एका अगदी गरीब, अभ्यासू मुलीचं दप्तर. तिच्यावर ओरडायचं माझ्या जिवावर आलं होतं, तरी ओरडले. फोन घेतला, बंद केला. ती रडायला लागली. म्हणाली, फोन तिचा नाही, घरचा आहे. वाडीत रेंज नाही, शाळेत आहे. म्हणून घरचा फोन रोज तिच्या दप्तरातून खाली यायचा, मुंबईच्या भावाचे निरोप दिवसभर गोळा करायचा आणि संध्याकाळी ओटीवर सगळ्यांना ऐकवायचा. त्यात वहिनी दवाखान्यात, पहिलं बाळंतपण. एवढं ऐकून दुसरी कोणी विरघळली असती. मी म्हटलं, आईला घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी आई नाही, वाडीचे मानकरीच आले. हे त्या मुलीचे चुलत आजोबा. डोक्याला पांढरी टोपी, बरोबर दोन दणकट गडी. मी ओढणी खोचली. नियम कुणी केला, कशासाठी केला, सगळं तोंडावर फेकायच्या तयारीत उभी राहिले. मानकऱ्यांनी हात जोडले.

"बाई, फोन देव नका."

आजवर एकही पालक मला असं म्हणाला नव्हता. सगळी तयारी फुकट गेली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अख्खी वाडी एका भावकीची. भावकीत मूल जन्मलं की सगळ्यांना सोयर लागतं, आणि सोयर असताना देवाच्या पालखीला हात लावायचा नसतो. पण मूल लांब जन्मलं असेल, तर सोयर धरायचं ते बातमी कानावर पडल्यापासून. मागे एकदा ऐन शिमग्यात अशी बातमी आली आणि यांची पालखी शेजारच्या वाडीने नाचवली. ती माणसं अजूनही बाजारात भेटली की यांच्याकडे बघून खांदा चोळतात. तेव्हा पालखी देवळात परत बसेपर्यंत बातमी आमच्या कपाटातच राहू दे, एवढं मागणं. शिमग्याला आलेल्या मुंबईकरांचे फोनसुद्धा त्यांनी एसटीतून उतरल्या उतरल्या बंद करायला लावले होते, आणि एकाने हूं का चूं केलं नव्हतं. आम्ही इथे वर्षभर घसा फोडतोय, फळ्यावर सूचना लिहितोय, आणि या माणसाने एका शब्दात सगळी वाडी गप्प केली! खरं सांगते, माझा जळफळाट झाला.

मधल्या सुट्टीनंतर आई आली, मागच्या फाटकाने, एकटी. डोंगर उतरून घामाघूम झालेली. सुनेची तब्येत आधीपासूनच नाजूक, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं, आणि त्यात हे असं मुद्दाम कानाआड करून बसायचं. घास उतरत नाही म्हणाली. मी ताबडतोब कपाट उघडून फोन तिच्यापुढे धरला, तशी ती मागे सरली.

"माज्या हातात नको. तुमी आयका, बाई. तुमाला आमचा सोयर नाय. मला फकस्त सून बरी हाय का तेवढा सांगा. दुसरा काय बोलू नका."

मी आत जाऊन ऐकलं. ती बाहेर नळापाशी दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. बाहेर येऊन, ओठ आवळून, मी कसंबसं म्हटलं, "सून बरी आहे." ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही राहवलं नाही. मुलगा की मुलगी, तिने विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलेलं मात्र मी पाहिलं.

संध्याकाळी पालखी बघायला मला आमंत्रण होतं. खालूबाजा वाजत होता, मानकरी म्हातारपण विसरून पालखी नाचवत होते. बाया ओटी भरायला पुढे आल्या. मुलीची आई एकटी पार गोठ्याच्या कुडाला टेकून, लांब उभी. मानकऱ्यांनी ते पाहिलं. त्यांचा पाय क्षणभर अडला. आता विचारतात की काय! त्यांनी मान फिरवली, समोरच्या आंब्याकडे बघितलं आणि नाचत राहिले.

रात्री पालखी देवळात बसली. दुसऱ्या दिवशी शाळा भरताना मानकरी आणि आई मुलीसोबत हजर. मी फोन सुरू करून टेबलावर ठेवला आणि निरोप लावला. भावाचा आवाज आला, "आये, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत." मुलीने टाळीच वाजवली. मानकऱ्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आता कळला," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "तुला पन आताच ना गो?"

"व्हय. आत्ताच."

तिच्या काखेत फुगलेली पिशवी होती. आतून डिंकाच्या लाडवांचा वास येत होता आणि तोंडाशी नवं टोपडं दिसत होतं. आम्ही सगळे त्या टोपड्याकडे बघत राहिलो. मानकऱ्यांनी पिशवी घेतली आणि पालखीने सोललेल्या खांद्याला अडकवली. "मुंबयची गाडी चुकंल," म्हणाले आणि बाहेर पडले.

फोन मी नियमाप्रमाणे पालकाच्या हातात दिला. तिने तो तिथल्या तिथे लेकीच्या दप्तरात टाकला, वर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाळाची खबर मी रोज धाडीन, संध्याकाळी घरी आयकव." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

आमच्या खिडकीबाहेरही एक आंबा आहे. मी त्याच्याकडे बघत राहिले.