मुरमं आणि मेणाचं कुंकू

चौदाव्या वर्षी माझं तोंड इतकं तेलकट असायचं की सकाळी धुतलेलं दुपारी तळलेल्या पापडासारखं दिसे. कपाळ तर मुरमांनी भरलेलं. मी कल्याणला सासरी होते आणि ठाण्याला माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. सासूबाईंनी बजावलं, "हे असं तोंड घेऊन गेलीस तर लोक म्हणतील, सुनेला धड बघत नाहीत. बरं झालं तरच जा."

वर्षभर माहेर पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

मग उपाय सुरू झाले. सासूबाईंनी साय-हळद चोळली. तेलावर आणखी तेल! शेजारच्या काकूंनी मसुराचं पीठ दिलं. वैद्यबुवांनी साय ऐकून डोळे मोठे केले आणि लोध्र, धणे, वेखंडाचा लेप सांगितला. मागीलदारी मीठ घेऊन येणारी बाई म्हणाली, "बाय, खाऱ्या पान्यानं तोंड धू, बाकी काय लावू नको." तिचं स्वतःचं तोंड चांगलं तुकतुकीत होतं, म्हणून तिचंही खरं वाटलं. यजमान मुंबईला नोकरीला. रविवारी आले ते विलायती साबणाची वडी घेऊन. त्यात चरबी असते म्हणून सासूबाईंनी ती परसात भिरकावली. मी ती उचलून गुपचूप लावलीच. कोणाचं ऐकावं तेच कळेना, म्हणून रोज एकेकाचं ऐकलं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

सहाव्या दिवशी आरशात पाहताना लक्षात आलं, की मुरमं सगळ्यांत दाट कुठे, तर कुंकवाभोवती. रोज आधी बोटानं मेण लावायचं, मग त्यावर कुंकू टेकवायचं, म्हणजे ते दिवसभर टिकतं. हे मेणच तर बाधत नसेल? कुणाला विचारायची सोय नव्हती. सातव्या दिवशी मी मेण वगळलं आणि नुसतं कुंकू लावलं.

वैशाखातली चूल. घाम डोळ्यांत उतरला, मी पदरानं कपाळ पुसलं आणि भाकरी थापू लागले.

सासूबाई दळण घेऊन आत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं, कपाळ! माझा मुलगा तिकडे मुंबईला, आणि तू..." धावत जाऊन त्यांनी मेणाची डबी आणि कुंकू आणलं. मुरमं दुखतील याचा विचार न करता त्यांनी मेण जाडजूड थापलं.

"उद्या जा लग्नाला," त्या म्हणाल्या. "मुरमं राहू देत. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पण असं कपाळ मला पुन्हा दाखवू नकोस."

मी गेले, मुरमांसकट. एवढं हवं होतं ते मिळालं, तरी मांडवात माझं मन लागेना. त्या क्षणी सासूबाई मुलासाठी घाबरल्या की माझ्यासाठीही, हे मला तेव्हा कळलं नाही. आणि पुढे वीस वर्षं त्यांच्यासोबत काढून विचारायचा धीरही झाला नाही.