कंच्याबी भर

खुर्शीदाला नसत्या चौकशा करायची खोड होती, आणि धंदाच असा की ती खपून जायची. लोणावळ्याहून डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती कुरवंड्याला यायची. बाईचा हात एकदा हातात आला की तो भरून होईस्तोवर बाई जाते कुठे? तेवढ्यात सासूचं, सुनेचं, आटलेल्या म्हशीचं सगळं खुर्शीदाच्या कानावर आलेलं असे.

कुरवंड्यातली गंगी ही तिची जिवाची मैत्रीण. गंगी रंगावरून अशी हुज्जत घालायची की अर्धी टोपली अंगणात मांडावी लागे. हिरव्यातसुद्धा हिला पोपटी नको, गर्द हवा. हात भरून झाल्यावर शकुनाची म्हणून एक जास्तीची बांगडी भरतात, तीही बाईसाहेबांना निवडून हवी.

त्या वर्षी, बासष्ट-त्रेसष्ट साल असेल, भात झोडून झाल्यावर खुर्शीदा गेली, तर गंगीने नुसता हात पुढे केला. म्हणाली, “कंच्याबी भर.”

खुर्शीदा चमकलीच. तिने मुद्दाम भडक जांभळी बांगडी काढली. एरवी ती बघूनच गंगी नाक मुरडायची. आज तिने पाहिलंसुद्धा नाही. हात इतका वाळला होता की साबण न लावता बांगडी मनगटात सरकली.

“गंगे, काय होतंय तुला?”

“मला काय धाड भरलीय? काम लय हाय.”

पुढच्या फेरीला पाहते तर गंगीचे दोन्ही हात मोकळे. नवरा धडधाकट असताना! बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि दोन्ही हातांच्या एकदम वाढल्या की घरात मारहाण झाली समजायचं, हे बांगडीवालीला कोणी शिकवावं लागत नाही. खुर्शीदाचं डोकं फिरलं. ती तडक खळ्यावर गेली आणि गंगीच्या नवऱ्याला, कोंडूला, तिने चार माणसांत फैलावर घेतलं.

कोंडू बिचारा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्या बोटबी लावलं न्हाई, भाभी. ती जेवंना, निजंना. इचारलं तर काय न्हाई म्हंती. तुमाला काय बोलली आसंल तर मला सांगा.”

खुर्शीदा अशी ओशाळली की तिला पळून जावंसं वाटलं. ती परत गंगीकडे आली. गंगीने फडताळातला डबा काढून तिच्यापुढे ठेवला. आत सगळ्या बांगड्या होत्या, एकही पिचलेली नव्हती.

“आवाज सोसंना,” गंगी म्हणाली. “भाकर थापताना किणकिण, पानी वढताना किणकिण. पर मला काय झालं न्हाई.”

परतताना खुर्शीदा वाटभर विचार करत होती. ताप नाही, भांडण नाही, घरात कोणी गेलेलं नाही. मग चांगलं हसतं माणूस असं मिटतं कशानं? तिला काही केल्या उमगेना, आणि न उमगलेली गोष्ट सोडून देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मैत्रीण हातची जाईल अशी भीती तिला वाटू लागली होती.

पुढच्या खेपेला ती टोपलीशिवाय आली. येऊन गंगीशेजारी तांदूळ निवडायला बसली. गंगी तिच्या मनगटांकडे बघत राहिली.

“तुज्या बांगड्या कुटं?”

कित्येक दिवसांत गंगीने आपणहून विचारलेलं ते पहिलंच.

“घरी ठेवल्या. तुला आवाज सोसत नाही ना.”

खुर्शीदाच्या सासूने त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. अशीच ती येत राहिली. आपल्या प्रश्नांचा जाच नको म्हणून तिने तेही बंद केले. त्यासाठी जीभ दाताखाली धरून बसावं लागे, पण बसली.

एकदा ती जायला उठली तेव्हा गंगीने तिचं मोकळं मनगट धरलं.

“हल्ली इचारीत न्हाईस तू.”

“काय?”

“मला काय हुतंय, त्ये.”

“विचारलं तर काही नाही म्हणतेस.”

“म्हंती,” गंगी म्हणाली. तिचे डोळे भरले. “तरीबी इचारत जा.”

खुर्शीदा परत खाली बसली, आणि तिने विचारलं.