चाळीस बंद घरं

धसईत आमचं आणि काळूराम विश्यांचं घर समोरासमोर. त्यांची धाकटी मुलगी जया मुरबाडच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली ती २००३ साली. काळूराम बाजारात भाजीचा धंदा करायचे, घरची थोडी भातशेती होती. निकालाच्या दिवशी जया पेढे घेऊन आली तीसुद्धा घाबरलेलीच. म्हणाली, "वयनी, पास झाले. आता नोकरी कशी मिळायची?" तिचा स्वभावच तसा. एसटीच्या थांब्यावर अर्धा तास आधी जाऊन उभी राहायची आणि गाडी आली की पाटी दोनदा वाचून मगच चढायची.

त्याच जूनमध्ये मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका साबणाच्या कंपनीनं चार पदवीधर मुलांना ट्रेनी म्हणून घेतलं. त्यात जया होती. काम वर्षभराचं, तीन-तीन महिन्यांच्या चार पाळ्या. आधी विक्री, मग बाजाराचा सर्व्हे, मग ऑफिसात बसून नियोजन, आणि शेवटी माल रवाना करायचं खातं. प्रत्येक खात्याचा साहेब शेरा लिहिणार आणि वर्ष संपल्यावर चौघांतल्या दोघांना कायम करणार. पहिल्या दिवशी घरी आल्यावर जयानं आईला एवढंच सांगितलं, "दोघांना काढणार हायेत." दोघांना ठेवणार, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

विक्रीचे तीन महिने व्हॅनबरोबर दुकानं फिरण्यात गेले. सेल्समन दुकानदाराशी गप्पा मारायचा आणि जया वहीत मागणी लिहून घ्यायची. एकदा टोकावड्याच्या दुकानात त्यानं तिला पुढं केलं, तर तिनं "चकाक" साबणाचं नाव तीनदा घेतलं आणि गप्प झाली. दुकानदारानंच तिला पाणी दिलं. शेरा आला, "प्रामाणिक. आवाज लहान." तो शेरा तिला पाठ झाला होता.

सप्टेंबरपासून सर्व्हे. मुरबाडजवळची गावं झाली, आणि दिवाळीनंतर शेवटचा टप्पा म्हणून प्रत्येक ट्रेनीला डोंगरातल्या पाड्यांवरची एकशेवीस घरं वाटून दिली. शहापूरचा आदेश नावाचा मुलगा होता, त्याला खर्डीकडचे पाडे मिळाले. जयाला डोळखांबकडचे. फॉर्मवर प्रश्न सोपे होते. घरात माणसं किती, कपडे कुठे धुता, साबण कुठला, महिन्याला वड्या किती. सर्व्हेच्या साहेबांनी बजावलं होतं, "एकशेवीस म्हणजे एकशेवीस. एकशेएकोणीस घेऊन आलात तर दारातूनच परत पाठवीन."

जया सकाळी धसईहून निघायची, किन्हवलीला गाडी बदलायची आणि डोळखांबला उतरून पाड्यांच्या वाटेला लागायची. अनोळखी दारात उभं राहून आवाज द्यायचा, कुत्री अंगावर यायची, बायका आधी आत पळायच्या. तरी तिनं ऐंशी घरं केली. मग मात्र वाट अडली. भात झोडून झालं होतं आणि माणसं वीटभट्ट्यांवर निघाली होती. एकेका पाड्यावर दहा-दहा घरं बंद, दाराला काटेरी फांदी लावलेली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. फांद्या तशाच. फॉर्म द्यायला दोन दिवस उरले होते.

त्या दुपारी ती पाड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर बसली आणि कंपनीनं दिलेल्या मतदारयादीतली नावं बघून तिनं चाळीस फॉर्म स्वतःच भरले. कुणाला महिन्याच्या तीन वड्या दिल्या, कुणाला दोन. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून पेन बदललं. एका फॉर्मवर तर लिहिलं, "साबण नको, हात कोरडे पडतात, आमी राखेनं भांडी घासतो आणि शिकेकाईनं डोकं धुतो." मला हे सांगताना ती म्हणाली, "ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, वयनी. वाटलं, किती खरं दिसतंय." सगळेच ट्रेनी असं करत असतील अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि गठ्ठा जमा केला. शेरा आला, "काम पूर्ण. वेळेत."

डिसेंबरच्या एक तारखेला ती नियोजनाच्या खोलीत गेली. तिथल्या प्रमुख होत्या चंद्रकला पष्टे, मूळच्या शहापूरच्या. बाई कडक, पण कामाच्या. त्यांनी जयाला खुर्ची दिली आणि समोर गठ्ठे ठेवले. "हे सर्व्हेचे फॉर्म. पाड्यापाड्याचा तक्ता करायचा. कुठं माल किती जाईल ते यातून ठरेल."

वरचाच गठ्ठा तिचा होता.

कालपर्यंत ती ज्या खात्यात होती, त्या खात्याचं काम पुढच्या खात्यात कुणीतरी वाचतं, त्यावर काही ठरवतं, हे तिला माहीत असायला हवं होतं. पण आपण लिहिलेलं आपल्याच पुढ्यात येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती स्वतःच्या अक्षरातले खोटे आकडे स्वतःच्या हातानं तक्त्यात भरू लागली. डबा तसाच परत यायचा. आईला वाटलं कावीळ झाली.

दुसऱ्या आठवड्यात बैठक झाली. पष्टे मॅडमनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. "साबण नको, हात कोरडे पडतात... बघा. लोक मोकळेपणानं बोललेत. याला म्हणतात सर्व्हे." सगळे जयाकडे बघून हसले, कौतुकानं. जयानं टेबलाची कड घट्ट धरली.

त्याच बैठकीत ठरलं, की डोळखांबकडच्या पाड्यांना महिन्याला एवढा माल लागतोय तर तिथं एक छोटा डेपोच काढू. जानेवारीत सुरू. एजंट म्हणून पाड्यावरचा महादू नावाचा दहावी झालेला तरुण विक्रीवाल्यांनी आधीच हेरून त्याला शब्दही दिला होता.

जयानं घरी वडिलांना सगळं सांगितलं. काळूराम शेगडीपाशी बसले होते.

"कोनाला म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

"कोनालाच नाय."

"मंग गप बस. कंपनीचं काय जातंय? चार वड्या कमी खपतील. तुजी नोकरी गेली तर परत कोन देणार हाय?"

"बाबा, पन तिथं डेपो काढतायत."

"काढू दे. तू काय मालकीण हायेस?"

काळूराम वाईट माणूस नव्हते. लेकीइतकेच घाबरले होते, एवढंच.

रविवारी जया घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून डोळखांबला गेली. आपण लिहिलेलं निदान थोडं तरी खरं निघावं, अशी तिला आशा होती. यादी हातात घेऊन ती चाळीस घरं फिरली. तेहतीस बंद होती. उरलेल्या सातांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं होती; एरवी दिवसा ती रानात नाहीतर शाळेत असायची, म्हणून तेव्हा दारं बंद दिसली होती. एका ओसरीत अंबूबाई नावाची म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. जयानं तिला विचारलं, "आजी, बाकीचे कधी येतील?"

"पावसाच्या आधी येतील. आता हितं कोन हाय गो? मी नि कुत्री." अंबूबाई हसली. "माजा महादू यंदा गेला नाय. कंपनीचं दुकान मिळतंय त्याला."

महादू मागच्या बाजूला कुडाच्या भिंतीला कारवीच्या नवीन काठ्या बांधत होता. मालासाठी जागा करत होता. जयाच्या हातातली यादी बघून कंपनीची बाई आली असं समजून हात पुसत आला. त्यानं तिला ओळखलं नाही, कारण तिनं त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. त्याच्या नावाचा फॉर्म मात्र तिनं भरला होता.

"मॅडम, भट्टीचा मुकादम दोनदा आला," तो म्हणाला. "मी सांगितलं, यंदा नाय येत. माज्या जागेवर त्यानं दुसरा मानूस घेतला. पन एक सांगा, माल घेणार कोन? सगला पाडा तर बाहेर हाय. विक्रीवाले साहेब म्हनले, सर्व्हे झालाय, तुमी काळजी करू नका."

जयानं यादी मिटली आणि डोळखांबच्या वाटेला लागली. परतीच्या गाडीत तिला उभ्यानं चक्कर आली, आणि कंडक्टरनं तिला पुढच्या सीटवर बसवलं.

सोमवारी ती मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. तिनं आधी यादीच पुढं केली. तेहतीस नावांपुढे लाल पेनानं "बंद" लिहिलेलं होतं.

"हे काय?"

"मॅडम, हे चाळीस फॉर्म मी बसून भरले. घरं बंद होती. काल जाऊन बघून आले."

पष्टे मॅडमनी यादी वाचली. चष्मा काढला, पुन्हा लावला. "राखेचा फॉर्म?"

"तो पण."

"आणि उरलेले ऐंशी?"

"ते खरे आहेत."

"ते खरे आहेत हे मी आता कशावरून मानू?"

ती रडेल असं मॅडमना वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पण ती रडली नाही. न विचारताच खुर्चीवर बसली.

"बंद घर ही सुद्धा माहितीच होती, जया," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तू फक्त 'बंद' लिहिलं असतंस तर मी तुला शाबासकी दिली असती."

"साहेबांनी सांगितलं होतं, एकशेवीसच पाहिजेत."

"माहीत आहे. त्यांच्याशीही मी बोलणार आहे. पण पेन तुझ्या हातात होतं."

चौघांचेही फॉर्म पुन्हा तपासायचं ठरलं. जयाला आतून वाटत होतं, की बाकीच्यांचेही असेच निघतील आणि आपली लाज थोडी चौघांत वाटून जाईल. तसं झालं नाही. आदेशनं खर्डीकडची सगळी घरं खरोखर केली होती. जी बंद होती त्यांच्या बदली त्यानं पुढच्या पाड्यावरची घरं गाठली होती, रोज चार-पाच मैल जास्त चालून. तो कँटीनमध्ये जयासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या पायांना फोड आले होते," तो म्हणाला. "आणि आता माणसं माझ्या मागनं घरोघर जाऊन विचारतायत, हा आला होता का म्हणून. तुझ्यामुळं." तो पुन्हा तिच्याशी बोलला नाही.

डेपो जूनपर्यंत पुढं ढकलला गेला. महादूला ते कुणी सांगायचं, असा प्रश्न आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जया सांगेल." गाडीनं सोबत स्वतः गेल्या, पण पाड्यापाशी रस्त्यावरच थांबल्या.

जयानं महादूला सगळं सांगितलं. त्याच्या नावाचा फॉर्म तिनंच भरला होता, हेही. तो ओरडेल, हाकलून देईल, असं तिला वाटत होतं. तो कुडाच्या नव्या कारवीकडे बघत राहिला.

"मंग आता मी काय करू?" त्यानं विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं. तिला सुचलं असतं तर त्याला ते हवं होतं. अंबूबाईनं आतून पाणी आणलं, आणि ते तिला प्यावं लागलं.

तो हिवाळा महादूनं भिवंडीच्या गोदामात हमाली करून काढला. जूनमध्ये पाडा भरल्यावर डेपो खरंच सुरू झाला, पण आता पावसाळा ते दिवाळी एवढाच. महादूनं तो चार वर्षं चालवला, असं मी ऐकलं. जयाला ते कधी त्याच्या तोंडून ऐकायचं धाडस झालं नाही.

जयानं वर्ष पुरं केलं. माल रवाना करायच्या खात्यात तिचा शेरा चांगला होता, तरी कायम झालेल्या दोघांत तिचं नाव नव्हतं. आदेशचं होतं. पष्टे मॅडमनी तिला प्रमाणपत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी शब्द टाकला नाही. तुझी खोटी समजूत नको म्हणून सांगते." जया त्यांना नमस्कार करून निघाली.

पुढचे आठ महिने ती घरी होती. मग सरळगावच्या दूध संकलन केंद्रात तिला हिशेबनीस म्हणून घेतलं आणि मधल्या काळात तिच्या लग्नाचंही बघणं सुरू झालं. वैशाखरे गावचं स्थळ आलं. मुलगा सुदाम, एसटीत कंडक्टर. त्याची आई गिरजाबाई सगळं विचारणारी होती. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "पोरगी मोठ्या कंपनीत होती ना? मंग सोडली का?"

काळूराम घाईघाईनं म्हणाले, "ती कंपनी बंद पडली."

मी तिथंच होते. जयानं कपबश्यांचा ट्रे खाली ठेवला. "कंपनी चालू हाय," ती म्हणाली. "मला ठेवलं नाय." आणि तिथंच, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिनं ते चाळीस फॉर्म सांगितले. मध्ये दोनदा अडखळली. काळूराम छताकडे बघत होते. पाहुणे उठून गेले आणि घरात तीन आठवडे कुणी धड जेवलं नाही. जयाची आई रोज मला विचारायची, "वयनी, निरोप आला तर कोनाकडं येईल?"

निरोप सुदाम स्वतःच घेऊन आला, ड्युटीवरून येता येता, खाकी कपड्यांतच. होकार होता. लग्नानंतर कधीतरी जयानं त्याला विचारलं, की त्या दिवशी तुमच्या मनात नेमकं काय आलं होतं. तो म्हणाला, "माजा मामा त्याच कंपनीच्या गेटवर हाय. आमाला सगलं आधीच कळलं होतं. आई बघत होती, तू काय सांगतेस ते."

जया हे मला सांगताना हसली नाही. म्हणाली, "वयनी, म्हंजे त्या दिवशी बाबांचं ऐकून गप बसले असते तर..." आणि वाक्य तसंच सोडून मुलाला घ्यायला आत गेली.