तळपायावरचा तीळ

आई गेल्यावर महिन्याभराने एक संशोधक बाई पनवेलला आमच्या घरी आल्या. आईच्या तळपायावरून कापून काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासासाठी ठेवायला माझी सही हवी होती. कुणालाही भेटल्या की त्या चेहऱ्याआधी पाय बघत.

“तीळ कधी दिसला?”

“वर्षापूर्वी, तळपायावर. प्रवासाचा योग म्हणतात ना? मीच तिला चिडवलं, ‘आई, बॅग भर!’”

त्या हसल्या नाहीत. “त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्यापासून चालत तळपायापर्यंत येतात. कॅन्सर झाला की त्या पुन्हा चालू लागतात.”

“फुप्फुसापर्यंत गेल्या,” मी म्हणालो आणि सही केली.

चष्मा पुसून त्या जमिनीवर बसल्या. “आता तुमचे तळपाय.”

वयाने मोठ्या बाई पायाशी बसलेल्या पाहून मी पाय ओढून घेतले.

“बघू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला प्रवासाला जायचं नाहीये.”