पितळी कड्याची जागा

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आमच्या घरमालकांनी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून मला टोपलीभर लिंबे धुवायला सांगितली आणि ती कशासाठी हे सांगण्यास नेहमीप्रमाणे नकार दिला. उद्या एखाद्या साम्राज्याने युद्ध पुकारले आणि माणसे, कारखाने, गाढवे, घोडे जुंपायला एकच माणूस निवडायचा झाला, तर ते साम्राज्य चामराजपेटेत येऊन आमच्या घरमालकांचे दार ठोठावील, याविषयी मला शंका नाही. आठवडाभरात ते पस्तावेल, याविषयीही नाही.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. घराणे मराठी; तीन-चारशे वर्षांपूर्वी कोणा सरदाराच्या फौजेमागून तांबटकाम करीत इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. अण्णांचे वय एक्याऐंशी, आणि अभ्यासाचा विषय एकच: लढाईसाठी साम्राज्य कामाला कसे लागते. सेनापतींची नावे त्यांना आठवत नाहीत, आठवायची इच्छाही नाही. "शिपाई शेवटी येतो गे," असे ते मला पहिल्याच महिन्यात, मी भाडेकरार वाचत असताना म्हणाले होते. "आधी ताग लागतो, वाळूच्या पोत्यांना. मग खेचरं. मग बूट. बुटांना खिळे. खिळे ठोकणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, बूट कुठल्या वाळवंटात जाणार? ठाऊक नसतं, म्हणून तर काम भरभर होतं."

हे तत्त्व त्यांनी घराला लागू केले आहे. प्रत्येकाला कामाचा एकच तुकडा मिळतो. संपूर्ण योजना फक्त अण्णांच्या डोक्यात असते. उन्हाळ्यात नळाला पाणी येईना तेव्हा त्यांनी टँकर मागवला आणि आम्हा भाडेकरूंची जुळवाजुळव केली. मी गच्चीवर टाकीत डोकावायचे आणि पाणी काठाशी आले की रुमाल हलवायचा. रुमाल दिसताच दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक अभियंत्याने थाळी वाजवायची. थाळी ऐकताच तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एक बटण दाबायचे. बटण मोटर बंद करण्याचे आहे हे बाईंना सांगितलेले नव्हते, आणि थाळी अभियंता वाजवणार आहे हेही नव्हते. बाई मूळच्या बेळगावच्या. थाळीचा आवाज ऐकून वर कोणाकडे तरी बाळ झाले असे त्यांना वाटले. त्या वाटीभर साखर घेऊन जिना चढू लागल्या, आणि गच्चीवरून टँकरचे अर्धे पाणी जिन्याने खाली उतरू लागले. दोघांची भेट पहिल्या मजल्यावर झाली. अण्णांनी या घटनेतून एवढाच निष्कर्ष काढला की बाईंनी विचार केला आणि तिथेच घात झाला.

अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडे तहात हरलेल्या राष्ट्राच्या सहनशीलतेने पाहतात. "लग्नाच्या दिवशीसुद्धा मला म्हणाले, स्वल्प उजवीकडं उभी राहा, कारण नंतर सांगतो," असे त्या मला सांगत होत्या. "अजून सांगितलं नाही."

मी धातुशास्त्रात संशोधन करते. पुढल्या वर्षी माझा प्रबंध पूर्ण व्हायला हवा, आणि कारणे न सांगता दिलेली कामे मला सहन होत नाहीत. तरी अण्णांची कामे मी का करते, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण मला अद्याप सापडलेले नाही. कदाचित त्या कड्यामुळे.

कडे पितळेचे आहे. लिंबाएवढे रुंद, आतून आटे, कडेला तीन भोके. अण्णांचे आजोबा समया घडवीत. दुसरे महायुद्ध आले तसा एक कंत्राटदार आला, त्याने एका भागाचा नकाशा दिला, आणि समयांचे दुकान रात्रंदिवस कडी कातू लागले. झाकण कुठे होते, तळ कुठे होता, या कड्यात काय बसणार होते, हे कोणी सांगितले नाही. लढाई संपली, कंत्राटदार नकाशा घेऊन गेला. मागे एकच कडे राहिले, तेही तपासनिसाने बाद केले होते म्हणून.

खंडेनवमीला अण्णांच्या घरी पाटावर दोन ओळी मांडतात. डावीकडे घराण्याबरोबर आलेली गंजकी तलवार आणि एक कट्यार. उजवीकडे आजोबांच्या छिन्न्या, हातोडे, कानशी. आजोबा कडे दोन्ही ओळींच्या मधोमध ठेवीत. ते जाताना नातवाला एवढेच म्हणाले की मी काय केलं ते शोध. माणूस मारायचं असेल तर माझ्या छिन्नीशेजारी ठेवू नको.

यंदा अण्णांनी ते कडे माझ्या हातात दिले. "तुझ्या यंत्रात घाल," म्हणाले. "नवमीच्या आत सांग, कुठल्या ओळीत." कारण सांगून त्यांनी मला दिलेले हे पहिलेच काम.

मी सर्व काही मोजले. धातू तांबे, जस्त आणि किंचित शिसे. अशा पितळेचे तोफगोळ्याच्या टोकाचे भाग होतात, आणि पाण्याचे नळही होतात. आट्यांवरून ते कंदिलाचे असू शकते, होकायंत्राच्या डबीचे असू शकते, सुरुंगाचेही असू शकते. एक शक्यता काढून टाकली की दुसऱ्या दोन उभ्या राहत. त्यात हे कडे बाद झालेले. म्हणजे त्याचे एखादे माप चुकलेले असणार, आणि कोणते ते मला ठाऊक नाही. जितके मोजले तितका माझा गोंधळ वाढला. इतक्या अचूक आकड्यांतून इतके थोडे कळल्याचा अनुभव मला पूर्वी नव्हता.

लिंबे धुऊन मी खाली गेले. पाट मांडलेला होता. अण्णा कडे हातात घेऊन उभे होते.

"हं, डॉक्टर. डावी की उजवी?"

"सांगता येत नाही, अण्णा."

"अंदाजानं?"

"अंदाजाने सांगितलं तर ते माझं मत होईल. आजोबांनी काय केलं, ते नाही."

त्यांनी कड्याच्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "त्यांनाही असंच सांगितलं असेल. सांगता येत नाही, तू कातत राहा."

अक्का मघापासून पाटावर लिंबू ठेवायचा प्रयत्न करीत होत्या आणि ते दर वेळी गडगडत होते. त्यांनी अण्णांच्या हातातून कडे घेतले, दोन्ही ओळींच्या पुढे ठेवले आणि त्यात लिंबू बसवले. लिंबू हलले नाही. त्यांनी दोहोंना हळदकुंकू वाहिले.

"अगं, ते—"

"अण्णा, ऐंशी वर्षं रिकामं होतं ते. बसू द्या की," मी म्हणाले.

अण्णांनी हात जोडले. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मला अभियंत्याच्या मोटारीच्या चाकांखाली उरलेली लिंबे ठेवायला सांगितले, आणि चाकाखाली का, हेही सांगितले: दृष्ट निघते. मला ते माहीत होते. तरी मी पूर्ण ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडे पुन्हा माझ्याकडे दिले. "स्वल्प अजून बघ. घाई नाही," म्हणाले, आणि जिना उतरताना कठड्याला नेहमीपेक्षा अधिक वेळ धरून राहिले. कोणत्या यंत्रात घालावे हे मला सुचेना, म्हणून मी ते नुसते तराजूवर ठेवले. पहिल्या तपासणीत ते ११८.१ ग्रॅम भरले होते. नियमाप्रमाणे नमुना आधी पुसायचा असतो. मी पुसला नाही. हळदकुंकवासह, ११८.४ ग्रॅम.