बुकरा म्हणजे बकरा नव्हे

दर गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, हसनभाई डोक्याला ग्रीस पुसायचं फडकं गुंडाळून अरब मॅनेजर व्हायचे. पिंपरीच्या बाजारामागे त्यांचं गॅरेज होतं. ते स्वतः आखातात काम करून आले होते. आता तिकडे निघालेल्या आम्हा लोकांना ते समोर उभं करत आणि हक्काची सुट्टी मागायला लावत.

त्या शिकवणीतला सगळ्यात ढ विद्यार्थी मी. भोसरीतलं वर्कशॉप बंद पडल्यावर मला तिकडे टर्नरची नोकरी लागली होती. माझा स्वभाव असा, की बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर 'सॉरी' मी म्हणतो.

"साहेब, आपल्याला त्रास होणार असेल तर राहू द्या, पण सुट्टी..."

"राहू द्या म्हटल्यावर तो राहूच देईल की!" हसनभाई ओरडले. "सुट्टी मागतोस का मुलगी बघायला आलास? परत!"

मला सुट्टी मिळणं भाग होतं. वडील नव्हते, धाकट्या बहिणीचं कन्यादान मलाच करायचं होतं. करारात वर्षानंतर महिन्याची सुट्टी लिहिली होती, तिच्या भरवशावर आम्ही लग्न धरलं होतं. पण पासपोर्ट राहणार मॅनेजरच्या कपाटात.

"माझं काय झालं ऐक," हसनभाई म्हणाले. "अब्बा आजारी म्हणून सुट्टी मागितली. मॅनेजर गोड हसून म्हणाला, 'बुकरा, बुकरा.' ईद तोंडावर आलेली. मला वाटलं, सुट्टी न्हाई तर न्हाई, बिचारा बकरा तरी देतोय! खोलीत सांगितलं, पोरांनी मसाला वाटून ठेवला. ईद झाली, बकरा न्हाई. मग इजिप्तचा एक मिसरी म्हणाला, अरे, बुकरा म्हणजे उद्या! बकरा होता, राव. मीच!"

आम्ही पोट धरून हसलो. ते मात्र फडकं सोडून हात पुसत राहिले. "त्या उद्या-उद्यात अब्बा गेले. मातीला पोचलो न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बुकरा म्हटलं की जागचं हलायचं न्हाई. विचारायचं, किती वाजता? तिथं कामगारांची सरकारी कचेरी असती, ती आधी बघून ठेवायची. देश त्याचा असला तरी करार दोघांचा हाय."

तिकडे जाऊन वर्ष झालं आणि मी सुट्टी मागितली. मॅनेजर हसून म्हणाला, "बुकरा."

"किती वाजता?" मी विचारलं, आणि लगेच 'सॉरी' म्हणालो. पण हललो नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. कामगार कचेरीचं नाव मी इतकं लाजत घेतलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा नीट ऐकू आल्यावर मात्र त्यानं कपाट उघडलं.

बहिणीचं लग्न झालं. लाडू घेऊन गॅरेजवर गेलो. हसनभाईंनी मिठी मारली, अर्धा लाडू खाल्ला आणि विचारलं, "खोलीत तुझ्याबरोबर कोण?"

"रत्नागिरीचा गणपत. त्याचीही सुट्टी अडलीय."

"मग?"

येताना त्याच्यासाठी शब्द टाकणं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

"एकट्याला मिळाली तर ती मेहेरबानी, भाऊ," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्यालाबी मिळाली, की हक्क."

माझ्या तोंडातला लाडू कडू झाला. परत गेल्यावर पहिल्याच दिवशी गणपतला घेऊन मॅनेजरसमोर उभा राहिलो. गणपत घरी गेला.

हे हसनभाईंना स्वतः सांगायचं होतं. पुढच्या सुट्टीत गॅरेजवर गेलो, तर त्यांचा मुलगा एकटाच होता. पावसाळ्यातच ते गेले होते. त्यांच्यासारखाच मीही मातीला पोचलो नव्हतो.

"रत्नागिरीचे एक जण आले होते," मुलगा म्हणाला. "अब्बा बिछान्यावर होते, तरी उठून बसले. सगळं दोनदा ऐकलं. तुम्ही मॅनेजरच्या टेबलावर हात आपटलात म्हणे. आणि मग त्याचा सांडलेला चहा आपल्या रुमालानं पुसलात. त्यावर अब्बा लई हसले."

पुसला होता. खाली कागद होते त्याचे, भिजले असते.